आत्याबाईच्या मिशा आणि इंग्रजीतला 'इफ'

एका ग्राहकाला मी एकदा ईमेल लिहिली होती. तिच्यातलं एक वाक्य असं: 'इफ वी रिसीव्ड द फाइल्स बाय फ्रायडे, वी वुड फिनिश बाय मंडे.' माझ्या मनात साधी गोष्ट होती. फाइली शुक्रवारपर्यंत मिळाल्या तर सोमवारपर्यंत काम उरकू. दहा मिनिटांत समोरून फोन आला. आवाज थंड होता. 'आम्ही फाइली पाठवणारच नाही, असं तुम्हाला का वाटतंय?'

मला काही वाटत नव्हतं. माझ्या मराठीत 'मिळाल्या' होतं, 'मिळाल्या' दिसायला भूतकाळ, म्हणून मी 'रिसीव्ड' लिहिलं. 'रिसीव्ड'च्या पाठोपाठ 'वुड' येतो हे शाळेत घोटलेलं, तेही इमानदारीने लिहिलं. वाक्य व्याकरणात अगदी चोख होतं. फक्त त्याचा अर्थ निघत होता, 'तुम्ही फाइली पाठवाल असं दिसत नाही, पण समजा पाठवल्यातच तर...' हवं होतं ते 'इफ वी रिसीव्ह द फाइल्स बाय फ्रायडे, वी विल फिनिश बाय मंडे.'

त्यानंतर इतरांचा इंग्रजी पत्रव्यवहार तपासण्याचं कामच माझ्याकडे आलं, आणि इतकी वर्षं ते करताना एक गोष्ट पक्की कळली. जर-तरच्या वाक्यांत आपण ज्या चुका करतो त्या इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत, मराठी नीट येतं म्हणून होतात. मराठीचं क्रियापद तसंच्या तसं उचलून पलीकडे ठेवलं की घोटाळा झालाच म्हणून समजा. पण त्याच मराठी वाक्याकडे जरा कान देऊन ऐकलं तर इंग्रजीत कुठला काळ लागणार ते तेच सांगतं.

झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल असे चार कप्पे करून ही जर-तरची वाक्यं शिकवतात. मला ते कप्पे फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. कप्पा सापडला की आतलं रूप ते सांगतात, पण अडचण असते ती कप्पा शोधण्याची. शिवाय रोजच्या लिखाणातली कितीतरी वाक्यं त्या चारांत कुठेच बसत नाहीत. मी त्याऐवजी प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारते. दार उघडं आहे की बंद? आणि गोष्ट कधीची?

आधी दाराबद्दल. फाइली येतील किंवा येणार नाहीत, दोन्ही शक्य आहे, म्हणजे दार उघडं. मला पंख नाहीत, काल मी गेले नाही, हे ठरून गेलेलं आहे, म्हणजे दार बंद. मराठीत बंद दाराची खूण लख्ख ऐकू येते: असता, असती, असतं, असतो, असते. 'पाऊस पडला तर' हे दार उघडं आहे. 'पाऊस पडला असता तर' हे बंद. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात याला संकेतार्थ म्हणतात, पण ते नाव आठवलं नाही तरी चालेल. तोंडात 'असता' आलं की नाही एवढंच बघायचं.

उघड्या दाराची वाक्यं आपल्याला तीन निरनिराळ्या सोंगांत भेटतात, आणि तिन्ही फसवी आहेत.

पहिलं सोंग 'मिळाल्या तर', 'आला तर', 'पडला तर'. दिसतो भूतकाळ, गोष्ट असते उद्याची. इंग्रजीत इथे साधा वर्तमानकाळ: 'इफ ही कम्स', 'इफ इट रेन्स'. मी जिथे आपटले ती जागा हीच.

दुसरं सोंग 'असेल तर'. 'तुला वेळ असेल तर वाच.' इथे भविष्यकाळाचं रूप दिसतं, म्हणून मंडळी बिनदिक्कत 'इफ यू विल हॅव टाइम' लिहितात. हवं 'इफ यू हॅव टाइम, रीड इट.' इंग्रजीत 'इफ'च्या अर्ध्या वाक्यात भविष्यकाळ सहसा येत नाही. भविष्य सांगायचं काम दुसरा अर्धा भाग करतो, पहिल्याने नुसती अट घालायची. हाच नियम 'व्हेन', 'अंटिल', 'ॲज सून ॲज' यांच्या मागेही चालतो. 'तो आला की सांगते' याचं 'आय विल टेल यू व्हेन ही कम्स' होतं, 'व्हेन ही विल कम' नाही.

याच 'असेल'चा दुसरा एक उपयोग आहे, आणि चार कप्प्यांची पद्धत कोलमडते ती इथे. 'रात्री पाऊस पडला असेल तर रस्ता ओला असेल.' रात्र उलटून गेली आहे, तरी पाऊस पडला की नाही हे मला ठाऊक नाही. गोष्ट मागची, पण माझ्यापुरतं दार उघडंच. अशा वेळी इंग्रजीत खराखुरा भूतकाळ वापरतात: 'इफ इट रेन्ड लास्ट नाइट, द रोड विल बी वेट.' भूतकाळ दिसला की डोळे मिटून 'वुड' लावणारे इथे 'वुड बी वेट' करतात आणि वाक्याचा अर्थ उडवून लावतात. म्हणजे उघड्या दाराचा नियम सोपा आहे. जो काळ खरा, तोच लिहायचा. फक्त भविष्याच्या जागी वर्तमान.

तिसरं सोंग म्हणजे 'की'. 'बटण दाबलं की दिवा लागतो.' 'बर्फ तापवला की वितळतो.' इथे अट कसली, हा तर नेहमीचाच शिरस्ता. दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ लिहा आणि पुढे चला: 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.'

आता बंद दार. इथे मला आत्याबाई लागतात. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.' माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीला मी हे इंग्रजीत करायला सांगितलं. तिने लिहिलं, 'इफ आंटी हॅड हॅड अ मस्टाश, वी वुड हॅव कॉल्ड हर अंकल.' मी विचारलं, 'आत्याबाई वारल्या का?' ती गोंधळली. 'नाही ताई, पण म्हटलं असतं आहे ना, म्हणून वुड हॅव कॉल्ड.'

तिचा दोष नव्हता. मराठीतलं 'असतं' फक्त दार बंद असल्याचं सांगतं, गोष्ट कधीची ते सांगत नाही. 'आज वेळ असता तर आले असते' आणि 'काल वेळ असता तर आले असते' यांत 'आज' आणि 'काल' सोडले तर एका अक्षराचा फरक नाही. इंग्रजी मात्र इथे अडून बसते. आजची वेगळी सांग, कालची वेगळी सांग, म्हणते. म्हणून बंद दारापाशी दुसरा प्रश्न विचारावाच लागतो: कधीची गोष्ट?

आत्ताची, नेहमीची किंवा पुढची असेल तर 'इफ'च्या भागात साधा भूतकाळ आणि दुसऱ्या भागात 'वुड'नंतर मूळ क्रियापद. 'इफ आय हॅड टाइम टुडे, आय वुड कम.' आत्याबाईही इथेच बसतात, कारण मिशा त्यांना आजही नाहीत: 'इफ आंटी हॅड अ मस्टाश, वी वुड कॉल हर अंकल.' गोष्ट होऊन गेलेली असेल तर 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप, पलीकडे 'वुड हॅव' आणि पुन्हा तिसरं रूप. 'इफ आय हॅड हॅड टाइम यस्टरडे, आय वुड हॅव कम.'

हे असंच का, ते एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही. इंग्रजीकडे आपल्या 'असता'सारखं स्वतंत्र रूप नाही. मग खोटं आहे हे दाखवायला ती क्रियापदाला एक पायरी मागे ढकलते. वर्तमानातलं खोटं सांगायचं तर भूतकाळ. तो भूतकाळ काळ दाखवत नाही, वास्तवापासूनचं अंतर दाखवतो. आणि गोष्ट मुळातच मागची असेल तर दोन पायऱ्या: एक ती मागची आहे म्हणून, दुसरी ती खोटी आहे म्हणून. भूतकाळाच्याही मागची पायरी म्हणजे 'हॅड' आणि तिसरं रूप. दुसऱ्या भागातला 'वुड' म्हणजे तरी काय, 'विल'च एक पायरी मागे गेलेला. त्याला आणखी मागे न्यायला रूपच शिल्लक नाही, म्हणून शेजारी 'हॅव' आणून बसवतात.

'हॅड हॅड'बद्दल थोडं थांबायला हवं. आमच्या त्याच मुलीने पुढच्या आठवड्यात माझ्या मजकुरातला एक 'हॅड' खोडला आणि वर आणून दाखवला. 'ताई, चुकून दोनदा टाइप झालं होतं.' नव्हतं झालं. पहिला 'हॅड' पायरी मागे नेणारा मदतनीस, दुसरा 'असणे' या अर्थाच्या 'हॅव'चं तिसरं रूप. पहिला 'हॅड' तसाच ठेवून दुसऱ्याच्या जागी 'बॉट' किंवा 'सीन' घालून बघा. बसलं, तर दोन्ही 'हॅड' हवेच आहेत.

बोलताना तर 'आय हॅड' आणि 'आय वुड' दोन्ही 'आय्ड' असे एकसारखे कानावर पडतात. कुठला कोण ते पुढच्या क्रियापदावरून ओळखायचं. 'आय्ड गॉन' असेल तर 'हॅड', 'आय्ड गो' असेल तर 'वुड'. 'कम', 'पुट', 'कट' यांचं मूळ रूप आणि तिसरं रूप एकच असल्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे जागा बघा. 'इफ'च्या लगेच पुढे असेल तर बहुधा 'हॅड'.

आणि आता ती चूक, जी मी आठवड्यातून दोनदा तरी दुरुस्त करते. 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी.' मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं: 'सांगितलं असतंस तर आले असते.' म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' ठेवायचा मोह होतो. हवं 'इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.' अमेरिकेत बोलताना बरेच जण दोन्हीकडे 'वुड हॅव' म्हणतात, ते ऐकून ही सवय आणखी घट्ट होते. लिहिताना मात्र ती चूकच धरतात. 'वुड'ची जागा परिणामाच्या बाजूला. अटीच्या बाजूला तो आला तर तो विनंतीचा असतो, 'इफ यू वुड वेट अ मोमेंट', म्हणजे जरा थांबता का. गंमत म्हणजे 'कुड'ला ही बंदी नाही. 'इफ आय कुड फ्लाय' अगदी बरोबर, कारण 'कुड' हा 'कॅन'चाच भूतकाळ, एक पायरी आधीच मागे गेलेला. परिणामाच्या बाजूलाही 'वुड'ऐवजी 'कुड' चालतो, जमलं असतं अशा अर्थी. आणि 'कदाचित' म्हणायचं असेल तर 'माइट'.

'इफ आय वेअर' की 'इफ आय वॉज'? बंद दारासाठी 'वेअर' लिहा, मग कर्ता 'आय' असो की 'ही'. 'मी तुझ्या जागी असते तर' हे नेहमी 'इफ आय वेअर यू'. बोलण्यात 'वॉज' सर्रास ऐकू येतो आणि त्यावरून भांडायची गरज नाही. पण उघडं दार आणि मागची गोष्ट असेल तर 'वॉज'च हवा: 'इफ ही वॉज ॲट द मीटिंग यस्टरडे, ही हर्ड इट.' होता की नव्हता हे आपल्याला माहीत नाही, असला तर त्याने ऐकलंच असणार. तिथे 'वेअर' घालणारे लोक मी पाहिले आहेत. नियम थोडा जास्तच शिकला की असं होतं.

वाक्याचे दोन अर्धे दोन वेगळ्या काळांतले असले की लोक हात टेकतात. खरं तर इथेच ही दोन प्रश्नांची पद्धत सगळ्यात कामाला येते, कारण 'कधीची गोष्ट' हे प्रत्येक अर्ध्याला वेगळं विचारता येतं. 'काल रात्री जागले नसते तर आत्ता डुलक्या घेत नसते.' दार बंद. जागरण कालचं, म्हणून पहिल्या अर्ध्यात दोन पायऱ्या: 'इफ आय हॅडंट स्टेड अप लास्ट नाइट'. डुलक्या आत्ताच्या, म्हणून दुसऱ्यात एकच: 'आय वुडंट बी नॉडिंग ऑफ नाऊ'. उलट दिशेनेही असंच करायचं. 'त्याला पोहता येत असतं तर काल त्याने उडी मारली असती.' पोहता न येणं कालचं नाही, आजही येत नाही, म्हणून 'इफ ही कुड स्विम'. उडी कालची, म्हणून 'ही वुड हॅव जंप्ड इन'. पुस्तकं याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात आणि शेवटच्या पानावर, जणू अपवाद म्हणून, टाकतात. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत, विशेषतः दिलगिरीच्या, ही वाक्यं पावलोपावली असतात. चूक मागे झालेली असते आणि निस्तरणं आज चालू असतं.

माझी 'असता'ची खूण एका ठिकाणी गळते, ते सांगायलाच हवं. 'उद्या मला लॉटरी लागली तर मी नोकरी सोडेन.' 'असता' नाही, म्हणजे मराठीत दार उघडं. पण लॉटरी लागेल यावर बोलणारीचाही विश्वास नाही, आणि इंग्रजीत तो अविश्वास काळातून दाखवायची सोय आहे: 'इफ आय वन द लॉटरी, आय वुड क्विट.' 'इफ आय विन, आय विल क्विट' हेही बरोबरच, फक्त असं म्हणणाऱ्या बाईने तिकीट काढलंय आणि ती वाट बघत बसली आहे असं वाटतं. म्हणून पुढच्या काळाबद्दल लिहिताना आणखी एकदा स्वतःला विचारावं, हे होईल असं मी धरून चाललेय, की नुसती कल्पना करतेय? माझ्या त्या ग्राहकाला नेमकं हेच लागलं होतं. त्यांच्या फाइलींना मी लॉटरीच्या तिकिटाच्या रांगेत बसवलं होतं.

दिसायला जर-तर, पण आतून नाही, अशीही एक जात आहे. 'आय डोंट नो इफ ही विल कम.' इथे 'विल' बरोबर आहे, कारण हा 'इफ' म्हणजे 'जर' नव्हेच. मराठीत करून बघा, 'तो येईल की नाही, माहीत नाही.' 'की नाही' बसलं तर वरचे सगळे नियम बाजूला ठेवा आणि जो काळ हवा तो घाला. शंका नको असेल तर 'इफ' काढून 'वेदर' लिहा.

'अनलेस' आणि 'अंटिल' यांच्यात नकार आधीच मिसळलेला असतो. आपण म्हणतो 'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत', आणि तो 'नाही' उचलून 'अंटिल ही डझंट कम' लिहितो. हवं 'अंटिल ही कम्स'. तसंच 'तू सांगितलं नाहीस तर' म्हणजे 'अनलेस यू टेल मी', 'अनलेस यू डोंट टेल मी' नव्हे.

औपचारिक पत्रांत 'इफ' गाळून क्रियापद पुढे आणायची रीत आहे. 'शुड यू नीड एनी हेल्प' म्हणजे मदत लागलीच तर, आणि 'हॅड आय नोन' म्हणजे मला माहीत असतं तर. काळ तेच राहतात, शब्दांची जागा बदलते. पत्रात एखादं शोभतं. तीन आली की पत्र नोटीस वाटायला लागतं.

पाठवण्याआधी मी एक करते. मजकुरात 'इफ' शोधते आणि प्रत्येक 'इफ'पासून स्वल्पविरामापर्यंतचा तुकडा तेवढाच वाचते. तुकड्यात 'विल' किंवा 'वुड' दिसला की थांबते. 'की नाही'चा 'इफ' आहे का, विनंतीचा 'वुड' आहे का, एवढं बघते. दोन्ही नसेल तर तो शब्द बहुतेक वेळा जायलाच हवा असतो. 'इफ' वाक्याच्या मध्यावर असेल तर स्वल्पविराम नसतो, मग पूर्णविरामापर्यंत वाचायचं. नंतर भूतकाळ दिसलेल्या तुकड्यांकडे वळते आणि वाक्य मनात मराठीत म्हणून 'असता' येतो का ते ऐकते. आला नाही, गोष्ट पुढची आहे आणि कल्पनाही नाही, तर ती जुनी 'रिसीव्ड'ची चूक परत झालेली असते. गेल्या महिन्यातच एक सापडली. मजकूर आमच्या त्या मुलीचा असेल असं धरून मी तिला हाक मारली. तिने मजकुराच्या तळाशी बोट ठेवलं. खाली माझं नाव होतं.